काटा खरा की खोटा?

इंजिनाचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरची घरच्या घरी परीक्षा

मे महिन्यातील शनिवारची सकाळ. खालापूरचा टोलनाका मागे पडून बोरघाटाची चढण सुरू झाली, की रस्त्याच्या कडेला एक दृश्य हमखास दिसते. बॉनेट वर केलेली मोटार, तिच्यासमोर पाण्याची बाटली घेऊन उभा असलेला चालक आणि सावली शोधत बसलेले कुटुंबीय. ‘इंजिन गरम झाले’ एवढेच त्यातील प्रत्येकाला ठाऊक असते. ते खरोखरच गरम झाले, की गरम झाल्याचे फक्त काट्याने सांगितले, हा प्रश्न त्या क्षणी कुणालाच पडत नाही.

हा प्रश्न मात्र पडायला हवा. डॅशबोर्डवरील काटा स्वतः काहीच मोजत नाही. इंजिनाच्या कडेला बसवलेला बोटाच्या पेराएवढा सेन्सर जे सांगतो, त्याचीच तो री ओढतो. सेन्सर बिघडला, की दोन प्रकारचे नुकसान संभवते. थंड इंजिन गरम असल्याचा बोभाटा झाला, तर थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटर असे सुस्थितीतील भाग विनाकारण बदलले जातात. उलट, तापलेले इंजिन थंड असल्याची ग्वाही मिळाली, तर चालक निर्धास्तपणे गाडी पुढे दामटतो आणि हेड गॅस्केट उडाल्यावरच थांबतो. पहिल्या चुकीत खिशाला चाट बसते. दुसरीत इंजिनच हातचे जाते.

सुदैवाने या सेन्सरची परीक्षा घेणे फारसे अवघड नाही. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, थोडा बर्फ, उकळते पाणी आणि सुटीच्या दिवसातील तासभर वेळ एवढ्यावर काम भागते.

सेन्सर काम कसे करतो?

कूलंटचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरमध्ये ‘थर्मिस्टर’ नावाचा एक छोटा तुकडा असतो. विजेच्या प्रवाहाला होणारा त्याचा विरोध, म्हणजेच रोध, तापमानानुसार बदलतो. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. थर्मिस्टरचे नेमके उलट आहे. तो तापला की त्याचा रोध झपाट्याने घटतो. २० अंश सेल्सिअसला सुमारे २५०० ओहम असणारा रोध १०० अंशांना जेमतेम १९० ओहमपर्यंत खाली येतो.

गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, या सेन्सरकडे ५ व्होल्टचा दाब पाठवतो आणि त्यातील किती शिल्लक राहिला हे पाहून तापमान ताडतो. इंजिन थंड असेल तर व्होल्टेज जास्त, गरम असेल तर कमी. याच आकड्यावर पुढचे सारे निर्णय अवलंबून असतात. पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची, रेडिएटरचा पंखा कधी सुरू करायचा, डिझेल गाडीत ग्लो प्लग किती वेळ तापवायचे, हे सारे त्यावर ठरते. म्हणूनच हा सेन्सर बिघडला, की तक्रारी काट्यापुरत्या मर्यादित राहत नाहीत.

सेन्सर नेहमीच ‘थंड’ सांगू लागला, तर ईसीयू गरज नसताना जादा पेट्रोल सोडतो. मायलेज घसरते, धुराड्यातून काळा धूर येतो आणि पीयूसी चाचणीत गाडी अडते. पंखाही वेळेवर सुरू होत नाही. सेन्सर नेहमीच ‘गरम’ सांगू लागला, तर थंडीच्या सकाळी गाडी सुरू होता होत नाही आणि पंखा अखंड फिरत राहतो.

काट्यावर कितपत विसंबावे?

काटा मधोमध आहे, म्हणजे सारे आलबेल, अशी अनेक चालकांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. तापमान चार-दोन अंशांनी वरखाली झाले की काटा हलावा आणि चालकाने धास्ती घ्यावी, हे उत्पादकांना नको असते. त्यामुळे आजच्या अनेक मोटारींत साधारण ८० ते १०५ अंशांच्या दरम्यान काटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवला जातो. तो मध्यावरून वर सरकू लागतो, तेव्हा बराच उशीर झालेला असतो. कित्येक लहान गाड्यांत तर काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा आणि अति तापल्यावर लाल, असे दोन दिवे तेवढे असतात.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. सेन्सर इंजिनाचे नव्हे, तर त्याला स्पर्श करणाऱ्या कूलंटचे तापमान मोजतो. एखादा पाइप फुटून कूलंट वाहून गेले, तर सेन्सर कोरडा पडतो. मग इंजिनाचा धातू भाजून निघत असला, तरी हवेत उघडा पडलेला सेन्सर त्याहून कितीतरी कमी तापमान कळवू शकतो. चढलेला काटा अचानक खाली येतो. ‘उतरला बुवा!’ म्हणून चालक सुटकेचा निःश्वास टाकतो. त्या निःश्वासाची किंमत पुढे सिलिंडर हेड वाकल्यावर मोजावी लागते. कारण नसताना काटा एकाएकी उतरला, तर तो शुभशकुन मानू नये. गाडी ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंद करावे.

म्हणूनच सेन्सर तपासण्यापूर्वी, इंजिन पूर्ण थंड असताना, कूलंटची पातळी पाहावी. पातळी कमी असेल, तर गळती शोधणे हे पहिले काम. सेन्सरची पाळी त्यानंतर.

पहिली पायरी : पहाटेची परीक्षा

सर्वांत सोपी परीक्षा सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी होते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन आणि भोवतालची हवा यांचे तापमान जवळपास सारखे झालेले असते. तेव्हा सेन्सरने हवेचेच तापमान सांगायला हवे.

सेन्सर बहुधा थर्मोस्टॅटच्या घराजवळ किंवा सिलिंडर हेडच्या टोकाला असतो. पितळी वा प्लास्टिकचे अंग आणि वर दोन वायरींचा कपलर, अशी त्याची ओळख. जुन्या मोटारींत काट्यासाठी एका वायरीचा निराळा सेन्सर असे आणि त्याचे अर्थिंग इंजिनाच्या धातूतूनच होई. अशा सेन्सरची मोजणी पिन व इंजिनाचा धातू यांच्यात करावी लागते. नेमकी जागा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडते.

इग्निशन बंद ठेवून कपलरची कळ दाबावी आणि तो अलगद ओढून काढावा. वायर धरून ओढू नये. मल्टिमीटर ओहमच्या खुणेवर, २० किलो-ओहमच्या टप्प्यावर ठेवावा. आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवून आकडा शून्याजवळ येतो ना, हे पाहावे. मग ती सेन्सरच्या दोन पिनांना लावावीत.

मारुती-सुझुकी, ह्युंदाई, टोयोटा यांच्या अनेक मोटारींतील सेन्सर २० अंशांना साधारण अडीच किलो-ओहम दाखवणाऱ्या जातीचे असतात. मुंबईत सकाळी ३० अंश तापमान असेल, तर आकडा १.७ किलो-ओहमच्या आसपास यावा. पुण्यात जानेवारीच्या पहाटे १० अंश असतील, तर तो ३.८ किलो-ओहमच्या घरात जाईल. थोडाफार फरक चालतो. मात्र मीटरने अनंत रोध दाखवला, तर सेन्सर आतून तुटलेला आहे. शून्याजवळचा आकडा आला, तर तो शॉर्ट झालेला आहे. दोन्ही प्रसंगी पुढच्या परीक्षेची गरज उरत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. सर्वच सेन्सर एका जातीचे नसतात. फोर्डच्या अनेक मोटारींत २० अंशांना ३० हजार ओहमहून अधिक रोध असतो आणि तोच योग्य असतो. म्हणून आपल्या गाडीचे आकडे मॅन्युअलमधून किंवा सर्व्हिस सेंटरमधून मिळवून मगच निकाल द्यावा.

दुसरी पायरी : तापलेले इंजिन

थंडपणी बरोबर उत्तर देणारा सेन्सर तापल्यावर चुकू शकतो. म्हणून परीक्षा इथे थांबवू नये. कपलर पुन्हा जोडून इंजिन सुरू करावे. पाच-पाच मिनिटांनी ते बंद करून, कपलर काढून, रोध मोजावा आणि आकडा कागदावर लिहून ठेवावा. प्रत्येक वेळी तो आधीच्यापेक्षा कमी असायला हवा. थर्मोस्टॅट उघडून इंजिन नेहमीच्या तापमानाला आले, की अडीच किलो-ओहमच्या जातीचा सेन्सर २५० ते ३०० ओहमच्या आसपास स्थिरावतो. आकडा मध्येच उडी मारत असेल, एकाच जागी अडकत असेल किंवा सेन्सरला बोटाने टिचकी मारल्यावर बदलत असेल, तर त्याचे आयुष्य संपले असे समजावे.

इग्निशन सुरू असताना कपलर काढल्यास ईसीयू बिघाडाची नोंद करतो आणि ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. अनेक गाड्यांत खबरदारी म्हणून रेडिएटरचा पंखाही आपोआप फिरू लागतो. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. कपलर जोडून काही वेळा गाडी चालवल्यावर, किंवा स्कॅनरने नोंद पुसल्यावर, दिवा विझतो. मात्र पंख्याजवळ हात, ओढणी किंवा सैल बाही येणार नाही याची दक्षता घ्यावी. इंजिन बंद असतानाही काही गाड्यांत पंखा अचानक सुरू होतो.

तिसरी पायरी : वायर आणि पिना

बहुतेकांची फसगत होते ती इथे. सेन्सर निर्दोष असतो, पण त्याचा निरोप वाटेतच बिघडतो. पावसाळ्यातील ओल आणि गळलेले कूलंट यांमुळे कपलरच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर साचतो. त्या थराचा स्वतःचा रोध सेन्सरच्या रोधात मिळतो. आणि वाढीव रोध म्हणजे ईसीयूच्या लेखी थंड इंजिन.

हा हिशेब उदाहरणाने स्पष्ट होईल. मळलेल्या पिनांमुळे ८० ओहमची भर पडली असे मानू. सकाळी २५०० चे २५८० झाले, तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण ९० अंशांना सेन्सरचा रोध सुमारे २४३ ओहम असतो. त्यात ८० मिळाले, की ३२३ होतात आणि ईसीयू ते तापमान ८० अंश समजतो. ९५ अंशांना सुरू व्हायचा पंखा मग प्रत्यक्षात ११० अंश ओलांडेपर्यंत ढिम्म हलत नाही. थंडपणी नगण्य असणारा दोष ऐन गरजेच्या वेळी घातक ठरतो, तो असा.

त्यामुळे कपलरच्या आतील पिना नीट पाहाव्यात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून त्या स्वच्छ कराव्यात. नंतर मीटर डीसी व्होल्टवर ठेवून, इग्निशन सुरू करून, वायरीकडच्या कपलरमधील दोन टोकांत व्होल्टेज मोजावे. ते ५ च्या जवळपास असावे. काहीच आले नाही, तर दोष वायरिंगमध्ये किंवा ईसीयूमध्ये आहे. नवा सेन्सर बसवून उपयोग होणार नाही.

स्टिअरिंगखालील सॉकेटला जोडायचा ओबीडी स्कॅनर हाताशी असेल, तर काम आणखी सोपे होते. भारतात २०१३ पासून नव्या मोटारींना ओबीडी-२ ही यंत्रणा सक्तीची झाली. त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत मोबाइलला जोडता येणारे छोटे स्कॅनरही चालतात. सकाळी थंड गाडीत इग्निशन सुरू करून कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान स्कॅनरवर पाहावे. दोन्हींत चार-पाच अंशांहून मोठा फरक नसावा. उणे ४० अंश असा अजब आकडा दिसला, तर सर्किट कुठे तरी तुटलेले आहे. नोंदीत पी-०११८ आढळल्यास तुटलेल्या सर्किटचा, तर पी-०११७ आढळल्यास शॉर्ट सर्किटचा संशय घ्यावा. पी-०१२८ असेल, तर बोट सेन्सरपेक्षा थर्मोस्टॅटकडे अधिक जाते.

गरम इंजिनात स्कॅनरवरील तापमान आणि मल्टिमीटरवरील रोध यांचीही सांगड घालावी. मीटर २४३ ओहम दाखवतो आणि स्कॅनर मात्र ८० अंश म्हणतो, असे झाले, तर दोष सेन्सरमध्ये नसून तो आणि ईसीयू यांच्यातील वाटेवर आहे.

चौथी पायरी : पातेल्यातील परीक्षा

एवढ्यावरही शंका फिटली नाही, तर सेन्सर काढून तपासता येतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचे झाकण उघडून दाब मोकळा करावा आणि खाली भांडे ठेवावे, कारण थोडे कूलंट सांडतेच. अनेक सेन्सर १९ नंबरच्या पान्याने निघतात. काही प्लास्टिकचे सेन्सर खटक्याने बसवलेले असतात.

एका भांड्यात भरपूर बर्फ आणि थोडे पाणी घालून ढवळावे. हे झाले शून्य अंश. सेन्सरचे पितळी टोक त्यात दोन-तीन मिनिटे बुडवावे. पिना मात्र कोरड्या राहायला हव्यात. अडीच किलो-ओहमच्या जातीचा सेन्सर इथे ५.९ किलो-ओहमच्या आसपास दाखवतो. मग दुसऱ्या भांड्यात पाणी तापवावे आणि सेन्सर दोऱ्याने टांगून सोडावा. भांड्याचा तळ पाण्यापेक्षा अधिक तापलेला असतो, म्हणून तळाला सेन्सर टेकू देऊ नये. पाणी खळखळू लागले, की आकडा १९० ओहमच्या घरात उतरला पाहिजे.

थर्मामीटर असल्यास मधले टप्पेही तपासता येतात. मात्र तो स्वयंपाकघरातील किंवा प्रयोगशाळेतील, शंभराच्या पुढे जाणारा हवा. तापाचा थर्मामीटर जेमतेम ४२ अंशांपर्यंतच मोजतो. पाऱ्याचा असेल तर गरम पाण्यात फुटतो. आणखी एक बारकावा. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात ते ९८ अंशांनाच उकळते आणि महाबळेश्वरला त्याहूनही लवकर. म्हणून पुण्यात आकडा १०-१२ ओहमने जास्त आला, तर सेन्सरला दोष देऊ नये.

या कामासाठी वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये. कूलंटमधील एथिलिन ग्लायकॉल विषारी असते. ते चवीला गोडसर असल्याने लहान मुले आणि कुत्री-मांजरी त्याकडे ओढली जातात. सांडलेले कूलंट लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढावे.

सेन्सर परत बसवताना नवे वॉशर वापरावे आणि पाना बेताने आवळावा. ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे सहज खराब होतात. शेवटी कूलंट भरून आतली हवा काढावी. सेन्सरभोवती हवेचा बुडबुडा राहिला, तर नवाकोरा सेन्सरही चुकीचा आकडा सांगेल.

निकाल काय सांगतो?

सेन्सर नापास झाला, तर प्रश्न मिटला. बहुतेक गाड्यांत तो फार महाग नसतो. खरी कसोटी लागते ती सेन्सर उत्तीर्ण झाल्यावर. त्याचा अर्थ एवढाच, की काटा खरे बोलत होता आणि इंजिन खरोखरच तापत होते. मग अडकलेला थर्मोस्टॅट, न फिरणारा पंखा, जळालेला फ्यूज किंवा रिले, गाळाने तुंबलेला रेडिएटर, थकलेला वॉटर पंप किंवा गळके हेड गॅस्केट यांचा शोध अनुभवी मेकॅनिककडून घ्यावा लागतो. अशा वेळी ‘सेन्सर चांगला आहे, मोजून पाहिला आहे’ हे ग्राहकाने सांगितले, तरी गॅरेजमधील तपासणीला नेमकी दिशा मिळते आणि एकामागून एक भाग बदलून पाहण्याचा खर्च टळतो. गाडी वॉरंटीत असेल, तर मात्र पाना हाती न घेता ती सर्व्हिस सेंटरलाच न्यावी.

उन्हाळ्याच्या सुटीत घाटाची वाट धरण्यापूर्वी टायरमधील हवा आणि ब्रेक तपासण्याची सवय अनेकांना आहे. त्या यादीत कूलंटची पातळी आणि सकाळची एक मोजणी यांची भर घातली, तर बोरघाटाच्या कडेला बॉनेट उघडून उभे राहण्याची वेळ टळू शकेल.

चौकट १ : तापमान आणि रोध
(२० अंशांना २.५ किलो-ओहम असणाऱ्या सेन्सरसाठी, अंदाजे)

० अंश – ५९०० ओहम
१० अंश – ३८०० ओहम
२० अंश – २५०० ओहम
३० अंश – १७०० ओहम
४० अंश – ११८० ओहम
६० अंश – ६०० ओहम
८० अंश – ३२० ओहम
९० अंश – २४० ओहम
१०० अंश – १९० ओहम

चौकट २ : हे कटाक्षाने टाळा

• गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालील पाणी शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण सैल होताच त्याची एकदम वाफ होते आणि चेहरा व हात भाजतात. किमान तासभर थांबावे.
• तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. धातूला तडा जाऊ शकतो.
• गाडी वाटेत तापल्यास एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा आणि सुरक्षित जागी थांबावे.
• कूलंटऐवजी नुसते नळाचे पाणी ही तात्पुरती सोय आहे. क्षार आणि गंज यांनी रेडिएटर व सेन्सर दोन्ही खराब होतात.